घडीचा चाकू पाहावा कसा? सांध्यांपासून सुरुवात करा

खानदेशातल्या माणसाला धारेची ओळख करून द्यावी लागत नाही. केळीचा घड उतरवणारा कोयता, ज्वारीचा विळा, निंदणीचं खुरपं, स्वयंपाकघरातली विळी, आजोबांच्या पानाच्या डब्यातला अडकित्ता, सगळं घरातच असतं. तरीही कुणी हाताने घडवलेला घडीचा चाकू समोर ठेवला की दोनच प्रश्न येतात: "स्टील कोणतं?" आणि "कितीला पडला?" पहिल्याचं उत्तर मिळून फारसं काही कळत नाही, आणि दुसऱ्याचं मिळालं की पुढचं बोलणंच खुंटतं. असे चाकू काही हजारांपासून थेट लाखांपर्यंत जातात.

अखंड सुरीत पोलाद एकच असतं. थोडं चुकलं तर घासून सरळ करता येतं, पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. घडीच्या चाकूत पातं फिरतं, स्प्रिंग दबते, लॉक बसतं, लाकूड धातूला भिडतं, आणि एका तुकड्याची चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: चकाकी, नक्षी आणि स्टीलचं नाव नंतर बघा. आधी जिथे जिथे दोन तुकडे भेटतात त्या जागा बघा. कारागिराचा हात तिथे दिसतो.

कारखान्यात एकाच आराखड्यावर हजारो नग निघतात आणि त्यांचे भाग एकमेकांत चालावेत म्हणून मापात थोडी सूट ठेवलेली असते. एकट्या कारागिराच्या चाकूत प्रत्येक भाग शेजारच्या भागाला जोखून, कानशीने उतरवून बसवलेला असतो. ती सूट जवळजवळ नसतेच. म्हणजे पैसे मोजायचे ते त्या न ठेवलेल्या फटीचे.

हाताशी काय घ्यावं

दहापट मोठं दाखवणारं भिंग हवं. जळगावच्या सराफ बाजारात ओळखीचा सोनार असेल तर पाच मिनिटं मागून घ्या. विकत घेतलं तरी फार महाग नसतं. दुसरी वस्तू म्हणजे दुचाकीच्या गॅरेजमध्ये टॅपेट सेट करायला वापरतात तो फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा. त्यातली ०.०५ मिलिमीटरची पत्ती आपल्या कामाची. एक लांब ट्यूबलाइट, मऊ सुती फडकं आणि चिमूटभर सरकी काढलेला कापूस. कापूस कशाला, ते पुढे येईल.

दुसऱ्याचा चाकू पाहत असाल तर थोडी रीत पाळावी. चाकू बंद करूनच हातात द्यायचा; उघडा द्यायची वेळ आली तर मूठ समोरच्याकडे. पात्याच्या अंगाला बोटं लावायची नाहीत, कारण घामातल्या मिठाने कार्बन पोलादावर एका रात्रीत डाग उठतो, आणि मे महिन्यात आपल्याकडे कोरडा हात कुणाचा असतो? विचारल्याशिवाय झटका देऊन उघडू नये. आणि अंगठा फिरवून धार तपासण्याची सवय असलेल्या मित्राला आधीच आवरा.

पहिली पायरी: घरातला अडकित्ता काढा

नजर तयार करायला महागडा चाकू लागत नाही. जुना पितळी किंवा लोखंडी अडकित्ता पुरतो, कारण त्यातही एका खिळ्यावर दोन अंगं फिरतात आणि सगळी मदार त्या खिळ्यावर असते. खिळा आवळला तर हात दुखतो, सैल झाला तर पातं बाजूला सरकतं आणि सुपारी फुटण्याऐवजी निसटते. अडकित्ता उघडून दोन्ही अंगं आडवी हलवून बघा. चांगल्या अडकित्त्यात पन्नास वर्षांनीही आडवी हालचाल नावापुरतीच असते. मग खिळ्याचं डोकं बघा: नुसतं ठोकून पसरवलंय, की घासून अंगाशी सपाट केलंय? पोपट, मोर, घोडा अशी घडण असेल तर एक गोष्ट जरूर तपासा. पाखराची मान किंवा घोड्याची पाठ दाबताना तळहाताला टोचते का? ज्याने नक्षी आणि पकड दोन्ही सांभाळली तो खरा कारागीर. पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते याच नजरेने बघून या.

दुसरी पायरी: चाकू कोणत्या जातीचा ते ओळखा

प्रत्येक जातीचा कस वेगळा. सगळ्यांना एकच फूटपट्टी लावली तर चांगल्या चाकूवर अन्याय होतो.

सगळ्यात साधा प्रकार निव्वळ घर्षणावर थांबणारा. जपानमधल्या मिकी गावचा हिगोनोकामी यातला. पात्याच्या मागे छोटी शेपटी असते, ती अंगठ्याने दाबून धरायची. लॉक नाही, स्प्रिंग नाही. दुसरा कडीचा. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये लाकडी मुठीचा शेतकरी चाकू केला, आणि १९५५ मध्ये त्याला फिरवून पातं अडकवणारी पोलादी कडी आली. आजही तो जवळजवळ तसाच मिळतो आणि कस्टम, म्हणजे हाताने एकेक घडवलेल्या, चाकूच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे. शिकणाऱ्याने घरात एक ठेवावा.

तिसरा स्लिपजॉइंट: पाठीत पोलादी स्प्रिंग, ती पात्याला उघडं आणि बंद अशा दोन्ही जागी दाबून धरते, पण कुलूप लावत नाही. चौथा लॉकबॅक, ज्यात पाठीवरचा दांडा दाबल्याशिवाय पातं मिटत नाही. पाचवा लायनर लॉक: मुठीच्या आतली धातूची पट्टी बाजूला सरकून पात्यामागे टेकू देते. हा आजच्या रूपात आणला मायकल वॉकर या अमेरिकी कारागिराने, १९८० च्या सुमारास. पुढे क्रिस रीव्ह यांनी आतली पट्टी वेगळी न ठेवता मुठीची एक अख्खी बाजूच लॉक म्हणून वापरली. तो फ्रेम लॉक. सिनेमाने बदनाम केलेला रामपुरीही घडीचाच, पण त्याच्याकडे कारागिरी म्हणून पाहायला बसलं की आजूबाजूचे लोक उठून जातात, म्हणून तो इथे बाजूला ठेवतो.

माझा ओढा स्लिपजॉइंटकडे आहे. जुन्या पद्धतीच्या स्लिपजॉइंटमध्ये स्क्रू नसतात, बेअरिंग नसतात, नंतर आवळून सावरायची सोय नसते. खिळा एकदा ठोकला की ठोकला.

तिसरी पायरी: पुठ्ठ्याचा चाकू करून बघा

हे वाचून सोडून देऊ नका, अर्ध्या तासाचं काम आहे. जाड पुठ्ठ्यावर ७५ मिलिमीटर लांबीचं पातं काढा, मागे खिळ्यासाठी थोडा रुंद भाग ठेवा. हा मुठीत राहणारा भाग, त्याला आपण टाच म्हणू. दुसऱ्या पुठ्ठ्यावर १०० मिलिमीटरची मूठ काढा. दोन्हीतून टाचणी घाला आणि पातं मिटवा. बहुतेकांचं टोक मुठीबाहेर डोकावतं. टाचणी दोन मिलिमीटर सरकवा: टोक आत जातं, पण आता टाचेचा कोपरा पाठीतून बाहेर येतो. तो कापला तर उघडल्यावर पात्याला टेकायला जागा राहत नाही.

आराखड्याचं खरं कोडं हे आहे. पातं उघडं असताना छान दिसणं सोपं. तेच पातं मिटल्यावर मुठीत पूर्ण मावलं पाहिजे, टोक बुडालं पाहिजे, नख अडकवून पातं उघडायची खाच मात्र वर राहिली पाहिजे, आणि दोन्ही अवस्थांत मुठीची रेघ मोडता कामा नये. हे सगळं एका बिंदूभोवती फिरतं. आता हिशोब बघा. पात्याला अडवणारी जागा खिळ्यापासून साधारण ६ मिलिमीटरवर आहे आणि तिथे कारागिराचा हात ०.१ मिलिमीटर चुकला असं धरा. टोक ७५ मिलिमीटरवर, म्हणजे साडेबारापट लांब. तिथे ती चूक सव्वा मिलिमीटरची होते. भुसावळच्या कुठल्याही जुन्या फिटरला हे आकडे सांगा, तो लगेच मान डोलावेल.

चौथी पायरी: चाकू बंद असतानाच बघा

बहुतेक लोक चाकू हातात येताच उघडतात. जरा थांबा. बंद चाकू वरून, म्हणजे पातं ज्या खाचेत शिरलंय त्या बाजूने, उजेडाकडे धरा. पातं दोन्ही भिंतींच्या बरोबर मध्ये आहे का? टोकाकडे ते एका बाजूला झुकलं असेल तर खिळ्याचं छिद्र काटकोनात पडलेलं नाही, पातं कडक करताना वाकलंय, किंवा दोन्हीकडचे वॉशर सारखे नाहीत. केसभर झुकाव बिघाड नव्हे, पण कस्टमच्या किमतीत तो स्वीकारायचं कारणही नाही.

आता कापूस. चिमूटभर कापूस मिटलेल्या चाकूवर चारी बाजूंनी हलकेच ओढत फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे काहीतरी वर आलंय: टोक, स्क्रूचं डोकं, न मोडलेली कड, बोल्स्टरचा (मुठीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्याचा) कोपरा. बोटाला न लागणारी कुसळंही कापसाला लागतात. खिशात चाकू ठेवल्यावर सदऱ्याचं काय होणार ते इथेच कळतं.

मूठ मिटलेल्या अवस्थेत हातात कशी बसते, खिशात आडवी होते की उभी राहते, नखाची खाच न बघता सापडते का, हे सगळं डोळे मिटून एकदा करून बघा.

पाचवी पायरी: उघडताना ऐका

आमच्याकडच्या आठवडी बाजारात बसणारे लोहारबाबा कुठलंही हत्यार हातात घेतलं की अहिराणीत म्हणतात, "भाऊ, पहिले त्याना आवाज आयक, मंग त्याले दख." घडीच्या चाकूला हे तंतोतंत लागू पडतं.

स्लिपजॉइंट सावकाश उघडा. सुरुवातीला स्प्रिंग विरोध करते, मग पातं मधल्या वळणावर येतं. टाच चौकोनी कापलेली असेल तर काटकोनात उघडल्यावर एक ठाम थांबा लागतो. गोल केलेली असेल तर पातं न थांबता पुढे जातं. दोन्ही योग्य, आवडीचा भाग. शेवटी पातं उघडून बसताना एकच स्वच्छ 'टक्' यायला हवा. 'टक-कर्र' आला तर टाच आणि स्प्रिंग पूर्ण भिडत नाहीत, किंवा आत खरखरीतपणा राहिलाय. मिटवतानाही तसाच आवाज यावा, फक्त जरा जाड. मिटवण्याची सगळी हालचाल बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवूनच करायची, हे वेगळं सांगायला नको.

आता नख पाठीवर फिरवा. मुठीची पाठ आणि स्प्रिंग एका पातळीत आहेत का? हे तीन वेळा करायचं: चाकू बंद असताना, काटकोनात असताना, पूर्ण उघडा असताना. तिन्ही ठिकाणी नख अडलं नाही तर समजा, तुम्ही उत्तम कारागिराचं काम हातात धरलंय. यासाठी टाचेच्या तिन्ही कडा खिळ्याच्या केंद्रापासून सारख्याच अंतरावर आणाव्या लागतात. कारागीर खिळा कच्चा बसवतो, बघतो, काढतो, दोन वेळा कानस मारतो, पुन्हा बसवतो. नखाला ०.०५ मिलिमीटरची पायरीही जाणवते, त्यामुळे इथे फसवणूक चालत नाही. पुष्कळ चाकू बंद आणि उघडे असताना सपाट असतात आणि काटकोनात स्प्रिंग उंचावते. वापराला त्याने काही अडत नाही. पण किंमत ठरवताना हा फरक मोजायचा.

लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये पातं बंद ठेवायचं काम एक इवलीशी कडक गोळी करते, साधारण दीड मिलिमीटर व्यासाची. ती लॉकच्या पट्टीत बसवलेली असते आणि पात्यावरच्या बारीक खळगीत शिरते. अंगठ्याने ढकलताना आधी थोडा ठाम अडथळा, मग एकदम मोकळी चाल, असं वाटायला हवं. चाकू टोक खाली करून हलका झटकला आणि पातं स्वतःहून बाहेर आलं, तर तो चाकू परत करा, मग तो कितीही देखणा असो.

सहावी पायरी: पातं हलतं का?

पातं पूर्ण उघडा. एका हाताने मूठ, दुसऱ्या हाताने फडक्यातून पात्याची पाठ धरा आणि आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलकासा जोर द्या. खिळ्याच्या जागी स्क्रू असेल तर आडवी हालचाल तो थोडा आवळून जाऊ शकते, पण आवळल्यावर पातं जड चालू लागलं तर मुळात वॉशर किंवा घासाई चुकली आहे. वर-खाली हालचाल मात्र लॉकचा दोष, तो आवळून जात नाही.

लायनर लॉकची पट्टी पात्यामागे कुठवर सरकली ते बघा. टाचेच्या जाडीचा साधारण एक तृतीयांश ते निम्मा भाग व्यापला असेल तर ठीक. अगदी कडेलाच टेकली असेल तर विश्वास कमी, पलीकडच्या टोकाला पोचली असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही. टाचेवरची ही जागा सात-आठ अंशांनी तिरपी घासतात, म्हणजे पाचर बसल्यासारखी पट्टी आत शिरते आणि झीज आपोआप भरून निघते. कोन चुकला तर पट्टी चिकटून बसते, नाहीतर दाबाखाली निसटते. टायटॅनियमची पट्टी पोलादाला चिकटण्याची खोड असते, म्हणून काही कारागीर तिच्या टोकाला कडक पोलादाचा छोटा तुकडा लावतात. तो दिसला तर तिथे थोडं थांबा. ज्याने तो लावला, त्याने चाकू दहा वर्षांनी कसा चालेल याचा विचार केलाय.

टेबलावर पात्याची पाठ आपटून लॉक तपासण्याचे व्हिडिओ बघून तसं करू नका. चाकूची पाठ आपटण्यासाठी नसते, आणि चांगला बसवलेला लॉक अशा आपटण्याने बिघडू शकतो.

सातवी पायरी: पात्यावर उजेडाची रेघ

लांब ट्यूबलाइटखाली पातं धरा आणि हळूहळू कलवा. नळीचं प्रतिबिंब पात्याच्या उतारावरून सरकेल. रेघ सरळ सरकली तर घासाई एकसारखी. मध्येच लचकली, फुगली, तुटली तर तिथे घासायच्या यंत्राच्या पट्ट्यावर हात थांबला होता किंवा दाब बदलला होता. आरशासारखं चकचकीत पातं नवख्याला भुलवतं, पण लाटा त्यातच सगळ्यात स्पष्ट दिसतात. त्यामुळे चकाकीला घाबरू नका, तिचा फायदा घ्या.

जिथे उतार सुरू होतो आणि टाचेचा सपाट भाग संपतो, तिथे एक कड असते. पात्याच्या दोन्ही बाजूंना ही कड समोरासमोर आली पाहिजे, उंचीही सारखी आणि वळणही सारखं. पाठ डोळ्यांसमोर धरून वरून बघितलं की लगेच कळतं. हाताने पट्ट्यावर घासणाऱ्या माणसाला एक बाजू उजव्या हाताच्या सवयीने जमते, दुसरी नाही. त्यामुळे दोन्ही बाजू जुळणं ही निव्वळ सरावाची कमाई असते.

मग भिंग. हाताने सँडपेपर मारून केलेल्या सॅटिन फिनिशमध्ये सगळ्या बारीक रेघा एकाच दिशेने, टाचेपासून टोकाकडे जातात. कोपऱ्यात कागद वळवताना रेघा आकड्यासारख्या मुरडल्या असतील तर घाई झाली आहे. आधीच्या खडबडीत कागदाचे एक-दोन खोल ओरखडे खाली राहिलेले दिसले तर मधला टप्पा वगळलाय. मला स्वतःला थोड्या जाड पण शिस्तीच्या रेघा अर्धवट आरशापेक्षा जास्त आवडतात.

दिसण्यापुढची परीक्षा कापण्याची. धारेच्या अगदी मागे पातं किती जाड आहे, यावर सगळं अवलंबून असतं. छोट्या कामाच्या चाकूत ही जाडी ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावी. मालकाची परवानगी असेल तर गाजर कापा, कागद नको. पातळ पातं गाजरातून गुपचूप उतरतं. जाड पात्याने गाजर अर्ध्यावर 'कट्' करून फुटतं, कारण ते कापत नाही, फाकवतं. कागद कुठलीही ताजी धार कापते, त्यावरून घासाईबद्दल काहीच कळत नाही.

पोलादाबद्दल थोडं, जास्त नाही

आपल्याकडचे लोहार आणि घिसाडी ट्रकच्या कमानपाट्यापासून कोयते घडवतात आणि ते उत्तम चालतात. कमानपाट्याचं पोलाद चिवट असतं, दणका सोसतं. पण तीन इंचांच्या पातळ पात्याला दणका सोसायचा नसतो, धार टिकवायची असते. तिथे बेअरिंगचं पोलाद, म्हणजे बाजारात ईएन ३१ नावाने मिळणारं, जास्त शोभतं: सुमारे १ टक्का कार्बन, दीड टक्का क्रोमियम. गंजू नये असं वाटत असेल तर ४४०सी हे स्टेनलेस पोलाद. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. धार खूप टिकते, लावायला मात्र जीव जातो.

पण नाव एकच असलं तरी पाणी देण्यात सगळं बदलतं. पातं लाल करून तेलात विझवलं की ते काचेसारखं ठिसूळ होतं. मग २०० अंशांच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. कडकपणाच्या रॉकवेल मापाने पातं ५८ ते ६१ असावं. स्लिपजॉइंटची स्प्रिंग मात्र बरीच मऊ लागते. तिला तापवून निळा रंग येईपर्यंत, म्हणजे ३०० अंशांच्या सुमारास, उतरवतात. तेवढीच कडक ठेवली तर ती एक दिवस मोडते. कारागिराला विचारायचा प्रश्न "स्टील कोणतं?" हा नसून "पाणी कुठे दिलं, कडकपणा मोजला का?" हा आहे. नाशिक-पुण्याच्या औद्योगिक वसाहतींतून हीट ट्रीटमेंट करून घेणारा कारागीर कमी दर्जाचा नव्हे. उलट आकडा त्याच्याकडे लेखी असतो.

नागमोडी नक्षीच्या 'दमास्कस' पात्यांबद्दल सावध राहा. खऱ्या पात्यात दोन पोलादांचे थर एकमेकांत वितळवून नव्हे, ठोकून जोडलेले असतात. आम्लात बुडवल्यावर एक काळं पडतं, एक उजळ राहतं. हे थर पात्याच्या आरपार गेलेले असतात. म्हणून पाठ बघा: बाजूच्या रेघा पाठीवर चढून पलीकडे उतरल्या पाहिजेत. बाजूला लाटाच लाटा आणि पाठ कोरी, तर नक्षी वरवर कोरलेली आहे. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या पात्यांत हा प्रकार सर्रास दिसतो.

मूठ: मे महिन्यात बघावी

सातपुड्याच्या आणि आपल्या कोरड्या रानात अंजन वाढतो. त्याचं गाभ्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, रंग गर्द तपकिरी-लालसर, घासलं की लाकूड नव्हे शिंग वाटावं. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी प्रसिद्ध असलेला धावडाही चिवट. शिसवाबद्दल सांगायला नको. बाहेरून मागवलेल्या रंगीबेरंगी लाकडापेक्षा एखाद्या कारागिराने मुठीच्या दोन्ही बाजूंना अंजनाचे पल्ले लावलेले दिसले की मला जास्त आनंद होतो. म्हशीचं शिंग चालतं. सांबराचं शिंग आणि हस्तिदंत मात्र नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, 'जुना साठा आहे' असं कुणी कितीही सांगो.

लाकूड हवेबरोबर हलतं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा कोरडी ठणठणीत; जुलैत तेच लाकूड ओल पिऊन फुगतं. म्हणून बोल्स्टर आणि लाकूड यांच्यातला सांधा उन्हाळ्यात तपासा. उजेडाकडे धरून फट दिसते का बघा, मग फिलर गेजची ०.०५ ची पत्ती टेकवा. ती शिरली तर लाकूड पुरेसं वाळवलेलं नव्हतं. पिना बघा: उत्तम कामात धातूच्या बोल्स्टरमधली पिन ठोकून, घासून अशी मिळवलेली असते की भिंगाखालीही गोल सापडत नाही. मायकार्टा, म्हणजे कापड आणि रेझिनचे दाबलेले थर, किंवा जी-१०, म्हणजे काचतंतूंचे तसेच थर, यांना हवेचा त्रास नसतो. तिथे कडा किती सारख्या मोडल्यात ते बघायचं.

न दिसणाऱ्या जागा

चाकू उघडून मुठीच्या आत बॅटरीचा उजेड टाका. लायनरच्या, म्हणजे पल्ल्यांखालच्या धातूच्या पट्ट्यांच्या, आतल्या अंगावर करवतीच्या खुणा तशाच आहेत की तिथेही कागद फिरलाय? स्प्रिंगची आतली कड, टाचेची मुठीत लपणारी बाजू, स्क्रूच्या खाचा? काही कारागीर पाठीच्या पट्टीवर गोल आणि तिकोनी कानशीने वेलबुट्टी कोरतात. ती बघताना वेलीचं प्रत्येक वळण मोजा आणि खिळ्याजवळ ती संपते कशी ते बघा. नवखा तिथे वेल कापून टाकतो, जाणता ती आवरती घेतो. टायटॅनियमवरचा निळा-जांभळा रंग म्हणजे रंगकाम नव्हे. विजेच्या दाबाने त्यावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो, त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो: कमी व्होल्टेजला कांस्य, थोड्या जास्तला निळा. डागाळलेला, ढगाळ रंग म्हणजे आधीची सफाई कच्ची.

करून घ्यायचा असेल तर

कारागिराला "मस्त काहीतरी बनवा" असं सांगू नका. काय कापणार, कुठल्या हाताने, खिशात ठेवणार की पेटीत, हे सांगा. तळहाताची रुंदी मोजून द्या. त्याचे आधीचे दोन-तीन चाकू प्रत्यक्ष हाताळता आले तर वरच्या सगळ्या पायऱ्या त्यांच्यावर चालवा. फोटोत सांधे नेहमी चांगलेच दिसतात. वेळ लागेल. आगाऊ रक्कम किती, उशीर झाला तर काय, दुरुस्ती कोण करणार, हे लेखी ठरवा आणि मग रोज फोन करू नका.

कायद्याचंही बघा. शस्त्र नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा, घरगुती वा शेतीकामाचा नसलेला चाकू शस्त्रात मोडतो. आपले चाकू त्यापेक्षा बरेच लहान असतात. तरी सणासुदीला आणि निवडणुकीत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जिल्ह्यात मनाई आदेश निघतात, त्या काळात चाकू घेऊन हिंडू नये. सारंगखेड्याच्या यात्रेत मिरवायला तर मुळीच नको.

वापर आणि निगा

केळीचा चीक हा खानदेशातला चाकूचा मोठा वैरी. त्यातल्या टॅनिनने कार्बन पोलाद काळं पडतं आणि चीक खिळ्यात शिरला तर पातं चिकटतं. कापून झालं की लगेच ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. हळूहळू पात्यावर करडा-निळसर थर चढतो, तो घासून काढू नका, गंजापासून तोच थोडं राखतो. कपाशीच्या हंगामात खिळ्याभोवती तूस साठतं. दात कोरायच्या काडीने काढा. तेल द्यायचं ते शिवणयंत्राचं, एक थेंब. शेंगदाण्याचं तेल आत जाऊन गोंदासारखं घट्ट होतं, खोबरेल थंडीत थिजतं. आणि उन्हाळ्यात चाकू गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. बंद गाडीत तापमान ६० अंशांपुढे जातं आणि मुठीचे पल्ले ज्या इपॉक्सीने चिकटवलेले असतात ती तिथेच मऊ पडू लागते.